‘रक्तातच आहे’ हे उत्तर नाही

‘रक्तातच आहे त्यांच्या.’ मुलगी गायला लागली की रक्तात आहे. सून उलटून बोलली की तिच्या माहेरच्यांच्या रक्तात आहे. भाऊ-भाऊ कोर्टात गेले की त्या घराण्याच्या रक्तातच भांडण आहे. शिकलेली माणसं हेच वाक्य जरा इस्त्री करून वापरतात, ती म्हणतात ‘जीन्समध्ये आहे’. आणि कंपन्यांच्या जाहिरातींत तर सचोटी, वेग, ग्राहकसेवा असं सगळंच आता त्यांच्या ‘डीएनए’त असतं.

नुसती बोलण्याची लकब असती तर मी सोडून दिलं असतं. पण हेच वाक्य दवाखान्यात येतं, लग्नाच्या बैठकीत येतं, आणि तिथं त्याची किंमत माणसं चुकवतात. ‘आमच्या घराण्यात कुणालाच कॅन्सर नाही’ म्हणून छातीतली गाठ सहा-सहा महिने दाखवली जात नाही. ‘हिच्या रक्तात सिकलसेल आहे’ म्हणून ठरलेलं लग्न मोडतं. ‘जन्माचंच दुखणं, त्याला कोण काय करणार’ म्हणून ज्या पोराला रोज एक गोळी मिळायला हवी, त्याच्यासाठी ती कुणी मागतच नाही. तिन्ही ठिकाणी समज एकच : जनुक म्हणजे कपाळावरची रेघ. असली तर सुटका नाही, नसली तर चिंता नाही.

मी मॉलेक्युलर बायॉलॉजी शिकले आणि आता तीच शिकवते. त्यामुळे मला हे स्पष्ट सांगणं भाग आहे की ही समज जुनी आहे म्हणून वाईट नाही, ती चुकीची आहे म्हणून वाईट आहे. जनुक अंगात असणं आणि ते जनुक चालू असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला जनुक-नियमन म्हणतात. स्तनाचा कॅन्सर आणि रक्ताचे आजार या दोन्हींत गेल्या काही दशकांतले मोठे उपचार याच फरकातून निघाले. आणि आपण मात्र अजून रक्त चांगलं की वाईट एवढ्यावरच अडलोय.

कायदा आणि जीआर

तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए एकच आहे. प्रथिनं बनवणारी साधारण वीस हजार जनुकं दोन्हीकडे तीच. तरी यकृताला दिसत नाही आणि डोळा पित्त बनवत नाही. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली नावाची मेंढी जन्मली, ती दुसऱ्या एका प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून. म्हणजे दुधासाठी घडलेल्या त्या पेशीत अख्खी मेंढी बनवण्याची माहिती शाबूत होती. फक्त ती बंद करून ठेवलेली होती.

हे कसं होतं ते समजायला आपल्या महाराष्ट्रात फार लांब जायला नको. विधिमंडळात कायदा होतो, पुस्तकात छापला जातो. पण जीआर निघत नाही तोवर तहसील कार्यालयातला कागद हलत नाही. जनुक म्हणजे तो छापलेला कायदा. तो कुठे, कधी आणि किती लागू करायचा, हे सांगणारे जीआर वेगळे असतात. तेही डीएनएतच लिहिलेले असतात, पण जनुकाच्या बाहेर, कधी कधी लाखो अक्षरं दूर. प्रथिनांसाठीचा मजकूर आपल्या डीएनएत दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्यात बराच काळ लोकांना अडगळ दिसत होती. त्याच अडगळीत हे जीआर सापडले. ते वाचून जनुक चालू किंवा बंद करणारी काही प्रथिनं असतात, त्यांना अधिकारी म्हणू. अधिकारी बदलला की तोच कायदा वेगळा वागतो, हेही आपल्याला नवं नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी, १९६१ साली, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. ते पाहत होते आतड्यातला एक जिवाणू. समोर दुधातली साखर आली की तो ती पचवणारी जनुकं चालू करतो, संपली की बंद करतो. १९६५ साली त्यांना नोबेल मिळालं. बारावीत ‘लॅक ऑपेरॉन’ नावाने तुम्ही हे घोकलंय. नीटसाठी आकृती काढलीय, रिप्रेसर कुठे बसतो त्यावर एमसीक्यू सोडवलाय. पण आपल्या शेजारच्या काकू रोज जी पांढरी गोळी घेतात ती याच कल्पनेवर चालते, हे तुम्हाला वर्गात कुणी सांगितलं होतं का? माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी विचारते. एकाही वर्षी हात वर आलेला नाही.

आणि हा फक्त जिवाणूंचा खेळ नाही. १९८३ साली एका डच रुग्णाच्या थॅलेसेमियाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिनची एक साखळी बनवणारं बीटा ग्लोबिनचं जनुक शाबूत होतं. पण त्याच्या बऱ्याच अलीकडचा डीएनएचा एक मोठा तुकडा गळून गेला होता, आणि शाबूत जनुक गप्प बसलं होतं. कायदा होता, जीआर फाटला होता. आजार मात्र खराच.

दोष जागेवर, दुखणं नाही

आता सिकलसेलकडे येते, कारण विदर्भात राहणाऱ्या कुणालाही तो शब्द समजवावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट, तिकडे नंदुरबार, इथल्या कितीतरी घरांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द रेशनकार्डाइतके ओळखीचे आहेत. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हे जनुक आलं तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाचं आयुष्य जवळपास इतरांसारखंच असतं.

‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. एक अक्षर, ठरलेला दोष, ठरलेला आजार. पण इथंच त्यांचं म्हणणं कोसळतं.

१९४८ साली ब्रुकलिनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिलं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रासच होत नाही. दोष तर जन्मापासून आहे, मग त्रास उशिरा का? कारण पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. त्यासाठी वेगळं जनुक आहे, गॅमा ग्लोबिन. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत ते बंद होतं आणि बीटा ग्लोबिन चालू होतं. आजार सुरू होतो तो या बदलानंतर. गॅमाचं जनुक कुठेही जात नाही. तुमच्या-माझ्या अंगात ते आत्ताही आहे, कुलूप लावून ठेवलेलं. काही माणसांत हे कुलूप लागतच नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन आयुष्यभर बनत राहतं, आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. अशा माणसाला एका बाजूने सिकलसेलचं जनुक आलं, तरी तो सहसा धडधाकट राहतो.

मग प्रश्न उरला, कुलूप कोण लावतं? २००७-०८ मध्ये हजारो माणसांच्या डीएनएची तुलना करताना बीसीएल-११-ए नावाच्या जनुकाकडे बोट गेलं. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की गॅमा बंद ठेवणारा अधिकारी हाच. २०११ साली सिकलसेल असलेल्या उंदरांत तो काढून टाकला, तर उंदरांचा आजार हटला. पण हा अधिकारी मेंदूच्या वाढीत आणि रोगप्रतिकारक पेशींतही कामाला असतो, त्याला सगळीकडून हटवणं परवडणारं नव्हतं. २०१३ साली डॅनियल बाउअर आणि सहकाऱ्यांना एक जीआर सापडला, जो बीसीएल-११-एला फक्त लाल पेशींच्या घराण्यात चालू करतो. तेवढाच मोडला तर मेंदूला धक्का नाही आणि रक्तातलं कुलूप उघडतं.

‘कॅसजेव्ही’ नावाच्या उपचारात नेमकं हेच करतात. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, क्रिस्परच्या कात्रीने त्या जागी छेद द्यायचा, पेशी परत द्यायच्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यांतल्या २९ जणांना किमान सलग १२ महिने दुखण्याचा एकही मोठा झटका आला नाही.

इथं थांबा आणि नीट बघा. या उपचाराने सिकलसेलचा दोष दुरुस्त केलेला नाही. ते बदललेलं अक्षर जागच्या जागी आहे. ‘रक्तात’ आहे. माणूस मात्र त्या दुखण्यातून सुटला. ‘रक्तातच आहे, त्याला काय करणार’ या वाक्यात आता काय उरलं?

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत. बरोबर. तिथं त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांहून जास्त. शिवाय आधी जबर केमोथेरपी घ्यावी लागते. धारणीच्या पोराला हे उद्या मिळणार नाही. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी ‘बिरसा १०१’ हा क्रिस्परवर आधारलेला उपचार विकसित केलाय, त्यावर आशा ठेवू. पण माझा मुद्दा त्याहून साधा आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणारी एक जुनी, स्वस्त गोळी आधीपासून आहे. हायड्रॉक्सीयुरिया. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती आहे. नागपुरात डॉ. दीप्ती जैन यांच्यासारख्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या मुलांमध्ये कमी मात्रेतही तिचा फायदा होतो हे दाखवलंय. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, गरोदरपणात चालत नाही. पण दिवसाला काही रुपयांत तेच कुलूप थोडंसं किलकिलं होतं.

छातीतली गाठ आणि पाच वर्षांची गोळी

आता दुसरा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. इथं ‘रक्तात आहे’ उलट बाजूने मारतं. ‘आमच्यात कुणाला नाही’ हे बाईला सुरक्षिततेचं सर्टिफिकेट वाटतं. वस्तुस्थिती अशी की स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींमध्येच आई-वडिलांकडून आलेला एखादा ठळक दोष सापडतो. बाकीच्या बायकांच्या घराण्यात शोधून ठपका ठेवावा असं काही नसतं.

मग त्यांच्या पेशींत बिघडलेलं काय असतं? अर्थात जनुकंच बिघडतात, पण त्या बाईच्या हयातीत, स्तनाच्या पेशींत. आणि जोडीला चालू-बंदचा हिशेब बिघडतो. १८९६ साली ग्लासगोमध्ये जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जननी स्तनाचा कॅन्सर बळावलेल्या स्त्रियांची बीजांडं काढली, आणि काहींच्या गाठी आकसल्या. का, ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं, तेव्हा इस्ट्रोजेन माहीतच नव्हतं. शिकागोमध्ये एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इस्ट्रोजेन पकडणारा रिसेप्टर दाखवला. पुढे कळलं की हा रिसेप्टर म्हणजे जनुकं चालू करणारा अधिकारीच आहे. इस्ट्रोजेन आलं की तो डीएनएवर जाऊन बसतो आणि पेशीला वाढायला सांगणारी जनुकं चालू करतो. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच : या गाठीचं बटण इस्ट्रोजेनच्या हातात आहे.

टॅमॉक्सिफेन या बटणावर बोट ठेवून बसतं. १९६० च्या दशकात एका ब्रिटिश कंपनीने ते गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं, आणि त्या कामात ते साफ नापास झालं. १९७७ साली अमेरिकेत ते कॅन्सरसाठी मान्य झालं. त्याची गंमत अशी की स्तनात ते इस्ट्रोजेनचं काम रोखतं आणि हाडांत मात्र इस्ट्रोजेनसारखंच वागतं. रिसेप्टर तोच, औषध तेच, पण ज्या पेशीत आहे तिथले सोबती अधिकारी वेगळे. ईआर पॉझिटिव्ह बायकांनी ते पाच वर्षं घेतलं तर पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोळी थांबल्यावरही फायदा टिकतो. किंमत, पुन्हा, दिवसाला काही रुपये.

माझ्या मावशीने ती दीड वर्षात सोडली. अंगातून वाफा निघायच्या, रात्र-रात्र झोप नाही. ती म्हणायची, ‘गाठ काढली, केमो झाली, केस गेले, परत आले. आता ही टिकली कशाला गं?’ तिचे उपचार झाले त्या दवाखान्यात तिला गोळीचं नाव, वेळ आणि पुढची तारीख सांगितली होती. गोळी काय करते हे सांगितलं नव्हतं. गाठ काढून झाल्यावरही इकडेतिकडे राहिलेल्या पेशी असू शकतात, त्यांचं बटण अजून चालू होऊ शकतं, आणि ही गोळी रोज त्या बटणाशी भांडते. एवढी तीन वाक्यं. चार वर्षांनी तिचा आजार हाडांत परत आला. गोळी पूर्ण घेतली असती तर आलाच नसता, असं एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येत नाही. पण मावशीला ती निवड समजून करता यायला हवी होती. नातेवाईक भेटायला आले की एकच बोलायचे, ‘नशीब. तिच्या रक्तातच होतं.’ तिच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं होतं. तो कागद कुणी वाचला नव्हता.

चांगलं जनुक, वाईट जनुक

याच दोन आजारांना जोडणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रक्तात कुलूप लावणारा तो बीसीएल-११-ए आठवतो? २०१५ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या स्तनाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे जिथं टॅमॉक्सिफेनला धरायला बटणच नसतं तिथं, हेच जनुक अनेकदा गरजेपेक्षा जोरात चालू असतं आणि गाठीच्या वाढीला हातभार लावतं. त्याच्या नावातला ‘बी’ तर तिसऱ्याच आजाराचा, बी-पेशींच्या रक्तकर्करोगाचा. मेंदूत तेच गरजेचं. आता सांगा, हे जनुक चांगलं की वाईट? प्रश्नच चुकीचा आहे. कुठे, कधी आणि किती, एवढंच विचारता येतं.

बीआरसीए-१ चंही तसंच. हे जनुक डीएनएच्या दुरुस्तीचं काम करतं. काही घराण्यांत ते मोडक्या स्वरूपात पुढच्या पिढीला येतं. पण काही गाठींत ते अक्षरन् अक्षर नीट असूनही त्यावर रासायनिक खुणा चिकटून ते बंद पडलेलं सापडतं. घराण्याचा संबंध नाही, तरी काम बंदच.

आणि शांघायचं उदाहरण. एपीएल नावाच्या जीवघेण्या रक्तकर्करोगात एक बिघडलेला अधिकारी पेशींना मोठंच होऊ देत नाही, त्या कच्च्या राहून वाढत सुटतात. १९८५ साली वांग झेन्यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप दिलं. कच्च्या पेशी मोठ्या व्हायला लागल्या, आणि मुलगी आजारातून बाहेर आली. आज या रक्तकर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. पेशी मारण्याआधी तिला अडलेल्या जागेवरून पुढे ढकलता येतं का, हा विचार जनुक-नियमन समजल्याशिवाय पुढे गेला नसता.

दुकानं थाटणाऱ्यांसाठी

इथवर वाचून काही जण खूश होतील आणि म्हणतील, बघा, जनुकं काही नसतात, सगळं आपल्या हातात असतं. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

आनुवंशिकता खोटी नाही. एसएस पॅटर्नच्या मुलाला आजार आहे, तो ध्यानधारणेने जात नाही. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी ८० व्या वर्षापर्यंत सुमारे ७० जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. अशा घरातल्या मुलींनी तपासणी करून घ्यायलाच हवी. पण ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द हाती लागल्यापासून नवीच दुकानं उघडलीत. ‘विचार बदला, जीन्स बदलतील’ असे रील्स. गर्भसंस्काराच्या वर्गात बाळाची जनुकं मंत्रांनी ‘ऑन’ करून देणारे पॅकेज. जुना दैववाद म्हणायचा, तुझं रक्तच वाईट. हा नवा म्हणतो, तू नकारात्मक विचार केलास म्हणून गाठ झाली. दोन्हींत दोषी कोण? आजारी बाई. गोळी, तपासणी, निदान यांचा विषय दोघंही टाळतात. जनुकांची बटणं खरी आहेत, पण ती दाबणारी रसायनं शोधायला, तपासायला आणि त्यांचे दुष्परिणाम मोजायला दशकं गेलीत. ती तुमच्या सकाळच्या संकल्पाने दाबली जात नाहीत.

कार्ड जुळवणारे

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत निर्मूलन, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, प्रत्येकाला कार्ड. तपासणी हवीच, मी तिच्या बाजूने आहे. पण गावात त्याचा अर्थ कसा पोचतो ते बघा. लग्नाआधी कुंडलीसारखी कार्डं जुळवा, असं सांगितलं जातं. कुंडली म्हटलं की आपल्याकडे कुणाची पत्रिका वाईट निघते हे वेगळं सांगायला नको.

माझ्या आत्येबहिणीचं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं. तिचं कार्ड ‘एएस’. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला. आत्या फोनवर रडत म्हणाली, ‘का सांगू माय, पोरीचं रक्तच खराब निघालं.’ मी विचारलं, मुलाची टेस्ट काय आली? मुलाची टेस्ट झालीच नव्हती. मागितलीच नव्हती कुणी. मुलगा ‘एए’ असता तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार झाला नसता. दोघंही ‘एएस’ असते, तरी प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक, आणि त्यासाठी गर्भजल तपासणीची सोय आहे. म्हणजे कार्ड दोघांनी मिळून वाचायचा कागद होता. वाचला गेला तो एकटीच्या कपाळावर.

‘खराब रक्त’ या शब्दांत मला आणखी एक गोष्ट ऐकू येते. विदर्भात हा आजार आदिवासी आणि दलित समाजांत जास्त आढळतो. तो त्यांच्यात का, याचं उत्तर अपवित्रतेत नाही, मलेरियात आहे. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ सालीच दाखवलं. ज्या जंगलांत मलेरिया पिढ्यान्पिढ्या होता, तिथं या एका अक्षराने लेकरं जगवली. त्या रक्ताला खराब म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

माझा आक्षेप कार्डाला नाही, क्रमाला आहे. ज्याला आजार आहे त्याच्यापर्यंत आधी उपचार पोचायला हवा. सिकलसेलच्या पट्ट्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया अखंड मिळायला हवी, आणि रक्त तपासायची सोय तिथंच हवी. शंभर किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात फक्त गोळी आणायला जाणारा मजूर दोन खेपांनंतर जायचं सोडतो. मुलीची तपासणी मागणाऱ्या घराने मुलाचा रिपोर्ट आधी समोर ठेवावा. स्तनाच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची ईआर, पीआर आणि हर-२ तपासणी व्हावी, आणि रोजची गोळी काय करते ते तिला मराठीत, बसवून सांगावं. यातल्या कशालाही २२ लाख डॉलर लागत नाहीत.

आणि तुम्ही, हे फोनवर वाचणारे. तुमच्या घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आज त्यांचा रिपोर्ट काढून ‘ईआर’ समोर काय लिहिलंय ते वाचा. गोळी चालू असेल तर ती किती वर्षांची आहे आणि त्रास होत असेल तर पर्याय काय, हे डॉक्टरांना विचारा. त्रास होतो म्हणून परस्पर बंद करू देऊ नका. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर हायड्रॉक्सीयुरिया देता येईल का, हे विचारा. आणि लग्नाच्या बैठकीत कुणी रक्ताचा विषय काढलाच, तर शांतपणे म्हणा, ‘मुलाचं कार्ड दाखवा.’